फ्रिपांच्या हद्दीवर

२८ जून १९५८, शनिवार

आजपासून मी वकीलबाईंचा ड्रायव्हर. आई म्हणाली, "बसून खायचंच आहे तर निदान गाडीत बस." कॉलेज सोडून आलो तेव्हापासून बाबा माझ्याशी फक्त जाळी आणि होडी या दोनच विषयांवर बोलतात.

कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं. इतिहासाच्या मास्तरांनी भर वर्गात सांगितलं, "केपर्स, तुझं डोकं तापलंय, जरा झाकण काढून ठेव." मी पुस्तक मिटलं आणि निघालो. त्याच सुमारास आमच्या बेटावरच्या आर्डेलने माझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नव्हतं, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

वकीलबाईंचं ऑफिस हॅरल गावात न्हाव्याच्या दुकानावर. पाटीवर नुसतं 'बी. टी. मेह्यू, वकील'. या किनाऱ्यावर बाई वकील त्यांच्याआधी कोणी झालेलीच नाही, आम्हा काळ्यांत नाही आणि गोऱ्यांतही नाही. वॉशिंग्टनला दिवसा चौथीच्या पोरांना शिकवून संध्याकाळी कायदा शिकल्या आणि तिकडे राहायचं सोडून इकडे परत आल्या. वय पन्नाशीचं. टेबलाखाली बूट काढून बसतात. खणात उकडलेल्या शेंगा.

मला बघून म्हणाल्या, "प्रेंटिस केपर्स ना? गाडी चालवता येते?"

"येते."

"रागात?"

मी म्हटलं, रागात जास्त चांगली येते. त्यांनी एक शेंग सोलली. "मग सावकाश चालवायला शीक."

३ जुलै, गुरुवार

कोर्ट. बाई मला गाडीतच बसायला सांगत होत्या. मी ऐकलं नाही, आमच्या लोकांसाठी असलेल्या वरच्या सज्जात जाऊन बसलो.

खटला फ्रिपांच्या जमिनीचा आहे, म्हणजे आर्डेलच्या घरचा. म्हणून तर मी ही नोकरी धरली. टॅलो बेटावरचा तो पूर्वेचा तुकडा तिच्या आजीच्या आजोबांनी, अब्राम फ्रिपांनी, गुलामी संपल्यावर फौजेच्या पगारातून घेतला. मृत्युपत्राचा कागद न करता गेले. तेव्हापासून जमीन सगळ्यांची. जो फ्रिपांच्या पोटी आला त्याने तिथे घर बांधावं, भेंडी लावावी, मरून तिथेच पुरलं जावं. आमच्या बेटावर सगळ्यांचं असंच आहे. कोण कुठे राहतो ते माहीत असतं, लिहायचं कशाला?

दोन वर्षांपूर्वी पूल झाला आणि गोऱ्यांना आमचा समुद्र दिसला. हॉटेलवाल्या एका कंपनीने फिलाडेल्फियात राहणाऱ्या वेस्ली फ्रिपला गाठलं. त्याने आपला हिस्सा विकला. त्याला वाटलं, कुठेतरी कोपऱ्यात आपलं म्हणून जे असेल ते गेलं. आता कंपनी कोर्टात म्हणते: आम्हीही एक वारस, वारस इतके की वाटणी होणं शक्य नाही, तेव्हा सगळीच जमीन लिलावात विका. आणि लिलावात बोली लावायची ऐपत कोणाची, ते सांगायला नको.

न्यायाधीशांनी कंपनीच्या वकिलाला "बोला, मिस्टर ट्रॅव्हिस" म्हटलं. मग वकीलबाईंकडे वळून, "तुझं नाव काय गं?"

"बी. टी. मेह्यू."

"बी म्हणजे?"

"बी."

"म्हणजे काहीतरी असेल ना. बर्था, ब्यूला?"

"माझ्या आईने अक्षरंच ठेवली, साहेब. तिला वाटलं, तेवढी पुरतील."

सज्जात सगळे खाली बघून हसले. आमच्याकडे बऱ्याच आयांनी असं केलंय. गोऱ्यांना पहिलं नाव कळलं की साठीच्या बाईलाही ते त्याच नावाने हाका मारतात. न्यायाधीशांनी थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. बचावाच्या वकील, बोला."

बाई बोलल्या. वाटणी होऊ शकते, कंपनीला तिचा हिस्सा एका कडेला द्या, बाकी फ्रिप आपापसात एकत्र राहतील. न्यायाधीश म्हणाले, एवढे लोक एका गोष्टीवर एकत्र येतील हे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाहीत. तीन पंच नेमले. ते ११ ऑगस्टला जमीन पाहून ठरवतील: वाटणी की लिलाव.

जिन्यावर मिस्टर ट्रॅव्हिसने बाईंना वाट दिली नाही. मी पुढे झालो. बाईंनी माझ्या हातात बॅग दिली, इतकी जड की दोन्ही हात लागले. मागाहून पाहिलं तर आत नुसती विटेसारखी जाडजूड पुस्तकं, आज एकही उघडलं नव्हतं. कशाला आणतात कोण जाणे.

९ जुलै, बुधवार

दर बुधवारी संध्याकाळी वकीलबाई कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये उभ्या राहतात आणि फुकट सांगतात: कर भरायची नोटीस कशी वाचायची, दारात गोड बोलणारा माणूस आला तर कशावर सही करायची नाही. आज आमच्या बेटावर होत्या. शेवटी मृत्युपत्राचं काढलं. काढल्याबरोबर लोकांच्या हातातले पंखे हलायचे थांबले.

डीकन मुंगिन उठले. चर्चचा सगळा कारभार तेच बघतात, आवाजही तसाच. "वकीलबाई, तुम्ही शिकलेल्या. पण माझ्या चुलत्याने हॅरलला जाऊन तो कागद केला आणि पंधरवड्यात गेला."

"काय झालं होतं त्यांना?"

"कागद केला होता ना."

मागून आर्डेलची आजी, हेस्टरआजी, बसल्या जागेवरून म्हणाली, "मरणाला पत्ता लिहून द्यायचा आणि वर म्हणायचं, ये. मी नाही देत. त्याला शोधू दे."

सगळे हसले. बाईही हसल्या. पण परतताना पूल ओलांडल्यावर गाडीत म्हणाल्या, "अब्राम फ्रिपांनी एक ओळ लिहिली असती ना, तर आज मी घरी पाय वर करून बसले असते."

आर्डेल दारात भेटली. पिवळा फ्रॉक. टपालाने टायपिंग शिकतेय, बोटं हवेत हलवत असते.

"तुझी पुस्तकांची ट्रंक अजून बांधलेलीच आहे म्हणे?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. विचारलं."

सतत टोमणे. मी कॉलेज सोडलं याचा तिला एवढा आनंद झालाय की रोज आठवण करून देते.

१९ जुलै, शनिवार

आठवडाभर वारस शोधत हिंडलो. सवाना, जॅक्सनव्हिल, मधली खेडी. न्यूयॉर्क, डेट्रॉईटला बाई फोन करतात. प्रत्येकाला एकच सांगणं: यंदा ऑगस्टच्या मेळाव्याला या आणि सोमवारी थांबा. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी उत्तरेला गेलेली सगळी माणसं बेटावर येतात, चर्चसमोर ओकच्या झाडांखाली जेवतात, थडगी साफ करतात. बाईंनी पंचांची तारीख मुद्दाम त्याला जोडून मागून घेतली असणार. मी विचारलं तर म्हणाल्या, "योगायोग."

सवानात एक बाई दार उघडेना. आतून म्हणाली, "मी काहीही सही करत नाही."

वकीलबाई म्हणाल्या, "फार छान. तेच सांगायला आले."

मग दार उघडलं आणि आम्हाला लाल भात मिळाला.

३० जुलै, बुधवार

भांडण. माझंच बरोबर होतं.

पेट्रोल भरताना कंपनीचा एक माणूस गाडीशी आला आणि हसत म्हणाला, "तुमच्या बाईला सांग, ऑगस्टनंतर बेटावर गोल्फच्या पिशव्या उचलायला पोरं लागतील, तुझ्यासारखी." मी दार उघडून उतरलो. अजून काही केलंही नव्हतं. मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या, "प्रेंटिस, काच पुसायची राहिली." मी काच पुसली.

ऑफिसात आल्यावर म्हणाल्या, "पंच येईपर्यंत तुला सुट्टी."

"मी काय केलं?"

"काही नाही. तेवढंच मला टिकवायचंय. तू कोणाला एक फटका मारलास की पंचांच्या डोळ्यांपुढे तेवढाच राहील. घरी जा. बेटावर कोणी नवी माणसं दिसली, काही चाललेलं दिसलं, तर हात लावू नकोस, मला येऊन विचार."

विचार म्हणे. बाबांसारखं बोलतात. मी किल्ली टेबलावर ठेवली, जरा जोरात.

१ ऑगस्ट, शुक्रवार

लिहवत नाही तरी लिहितो. आर्डेलला पाहिलं. खाडीकडच्या वाटेवर, एका माणसाबरोबर. टाय लावलेला. ती त्याच पिवळ्या फ्रॉकमध्ये. तिच्या हातात कसलीशी साखळीची गुंडाळी होती आणि तो तिला काहीतरी समजावत होता, ती मान डोलवत होती. माझं बोलणं तिने असं कधी ऐकलेलं नाही.

मला बघून तिने हात केला. "प्रेंटिस, इकडे ये, तुला भेटवायचंय..."

मी वळलो. ती मागून ओरडली, "अरे, ऐकून तरी घे."

काय ऐकायचं? टाय दिसत होता.

२ ऑगस्ट, शनिवार

आज मी फ्रिपांसाठी जे केलं ते कोर्टात कोणी करू शकलं नसतं.

सकाळी खेकड्यांना निघालो तर फ्रिपांच्या जमिनीत खुंट्या. नव्या, पांढऱ्या, डोक्याला लाल चिंध्या बांधलेल्या. खाडीच्या तोंडापासून थडग्यांच्या अलीकडून थेट समुद्रापर्यंत रांग. कंपनीची मोजणी. निकाल लागायच्या आधीच यांनी जमीन वाटून घेतली.

आमच्याकडे खुंटी दिसली की उपटायची, हे कोणी शिकवावं लागत नाही. माझ्या आजोबांनी उपटल्या, बाबांनी उपटल्या. एकेक करून मी सगळ्या काढल्या. एक जुन्या विहिरीशी, एक वीज पडलेल्या पाइनच्या बुंध्याला खेटून, एक आर्डेलच्या वाफ्याच्या कडेला, तिथे फार रागाने ओढली. मग किनाऱ्यावर चूल पेटवून त्याच खुंट्यांवर खेकडे उकडले. खाडीवरच्या पोरांना वाटले. इतके गोड खेकडे या वर्षात खाल्ले नव्हते.

आर्डेलला कळेल तेव्हा कळेल, टाय लावणारा काय करतो आणि मी काय करतो.

४ ऑगस्ट, सोमवार

आर्डेलला कळलं.

घरी आली. दारातच उभी राहिली. "खुंट्या तू काढल्यास?"

मी म्हटलं, "आभार मानायची गरज नाही."

ती पायरीवर बसली. बराच वेळ तोंडावर हात ठेवून होती. मला वाटलं भरून आलंय. मग म्हणाली, "प्रेंटिस, त्या आपल्या होत्या."

टायवाला म्हणजे मिस्टर डार्गन. मोजणीदार. आमच्यातला. वकीलबाईंनी अटलांटाहून बोलावलेला. कंपनीचा हिस्सा नेमका किती, तो कुठे काढून दिला तर आमची घरं आणि थडगी वाचतात, हे त्याने चार दिवस उन्हात मोजून आखलं. आर्डेल साखळी धरत होती. पंचांना दाखवायची हद्द ती हीच. डार्गन परत गेला, तिकडे दुसरं काम आहे, आता पंचांच्याच सकाळी साक्षीपुरता येईल. पुन्हा आखायला चार दिवस कुठून आणायचे?

"मी तुला हाक मारली होती," ती म्हणाली.

"टाय लावून खुंट्या कोण मारतं?"

"जो गोऱ्यांच्या जमिनीतून कोणी न हटकता चालत यायचं म्हणून टाय लावतो तो."

मग ती जे म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. शेवटी विचारलं, "खुंट्या कुठे आहेत?"

मी सांगितलं. खेकड्यांचंही सांगितलं. ती उठून गेली.

५ ऑगस्ट, मंगळवार

बसने हॅरलला गेलो. जिन्याच्या मधल्या पायरीवरून दोनदा परत फिरलो. न्हावी खालून म्हणाला, "एकतर वर जा नाहीतर केस तरी काप."

बाईंना आर्डेलने सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं, सगळं, पेट्रोलपंपापासून टायपर्यंत. बाई शेंगा सोलत राहिल्या. टरफलांचा ढीग झाला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती काढल्यास?"

"सगळ्या."

"ही कंपनीची रेघ आहे असं वाटून काढल्यास."

"हो."

"माझंच चुकलं. घोड्याच्या डोळ्यांना झापड बांधली आणि वाट सांगायची राहून गेली." मग चष्मा काढला. "जागा आठवतात?"

"डोळे मिटून. प्रत्येक खुंटी एकेकाला शिव्या देत काढलीय."

"म्हणजे खुंट्या नाहीत, पण हद्द आहे." बूट घातले. बूट घातले की त्या काहीतरी ठरवतात. "मेळाव्याला किती माणसं येतील म्हणालास?"

मी म्हटलं, मी काही म्हणालो नव्हतो. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

१० ऑगस्ट, रविवार

मेळावा. झाडांखाली टेबलं, टेबलांवर कोलंबी-भेंडीचा रस्सा, लाल भात, रताळ्याच्या वड्या, तळलेले मासे. न्यूयॉर्कच्या गाड्या, डेट्रॉईटच्या हॅट्स. आमच्या चर्चमध्ये एवढी अत्तरं एकदम कधी आली नव्हती.

जेवणानंतर वकीलबाई उभ्या राहिल्या. उद्या काय आहे ते सांगितलं. मग म्हणाल्या, "हद्द दाखवायला खुंट्या होत्या. त्या गेल्या. कशा गेल्या ते प्रेंटिस सांगेल."

मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. सगळ्या फ्रिपांसमोर, आई-बाबांसमोर, आर्डेलसमोर उभा राहिलो. सांगितलं. मग हेस्टरआजी म्हणाली, "खेकडे तरी चांगले शिजले का?"

"हो, आजी."

"आम्हाला नाही आणलेस ते."

हशा पिकला. बाबासुद्धा हसले. मी कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा.

वेस्ली फ्रिप आला होता. दूर, गाड्यांच्या मागे, हातात रिकामी ताटली घेऊन. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. वकीलबाई स्वतः भात वाढून घेऊन गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही.

बाईंचं म्हणणं एवढंच: खुंटीच्या जागी माणसाने उभं राहायचं. एकेक फ्रिप, एकेका जागेवर. डीकन मुंगिन म्हणाले, "गोऱ्यांपुढे उन्हात खांबासारखे? लाज वाटेल."

डेट्रॉईटची एक बाई म्हणाली, "डीकन, मी पंधरा तास गाडीत बसून आलेय. उभं राहायला मिळालं तर बरंच."

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी मी पुढे, माणसं मागे. विहीर. पाइन. वाफ्याची कड. जागा दाखवायची आणि एकाला उभं करायचं. मिस्टर डार्गन पहिल्या बसने आला, नकाशा उघडून काही जागा तपासल्या, माझ्याकडे बघून म्हणाला, "दीड हाताच्या वर कुठे चुकलेला नाहीस. कोणाकडे शिकलास?" मी म्हटलं, रागाकडे. तो हसला. माणूस वाईट नाही. शिवाय लग्नाची अंगठी आहे बोटात. ती तेव्हा दिसली नव्हती.

पंच आले. एक दाणावैरणीचा दुकानदार, एक सरकी काढायच्या गिरणीचा मालक, एक निवृत्त हेडमास्तर. सोबत मिस्टर ट्रॅव्हिस. आणि समोर खाडीपासून समुद्रापर्यंत फ्रिपांची रांग, कालच्याच कपड्यांत, हॅट घालून, चर्चचे कागदी पंखे हलवत.

ट्रॅव्हिस म्हणाला, "हे काय? मोजणीच्या खुंट्या कुठे आहेत?"

वकीलबाई म्हणाल्या, "खुंट्या आमच्यातल्याच एका मुलाने उपटल्या, तुमच्या समजून."

गिरणीवाला खो-खो हसला. "माझ्या बापाच्याही याच बेटावर उपटल्या होत्या."

"ही काही मोजणी नाही," ट्रॅव्हिस म्हणाला. "उद्या ही माणसं निघून जातील."

डार्गनने नकाशा पुढे केला. हेडमास्तरांनी तो पाहिला, मग रांगेतल्या पहिल्या बाईकडे गेले. हॅट मात्र काढली नाही. "तू कोण?"

"मिसेस लोरीन ग्रेसन, डेट्रॉईट. अब्रामची हॅना, हॅनाची जोसेफिन, जोसेफिनची मी."

"ही हद्द तुला मान्य आहे?"

"आहे. माझ्या पायाच्या इकडे आमचं, तिकडे त्यांचं."

पुढचा. पुढची. प्रत्येक जण कोणाचा कोण ते सांगत होता आणि "मान्य आहे" म्हणत होता. ऊन चढलं. मी बादली घेऊन पाणी देत धावत होतो. आर्डेल वाफ्याच्या कडेला उभी होती. तिच्याकडे बादली आधी नेली तर म्हणाली, "म्हाताऱ्यांना आधी." मग हळूच, "पण परत ये."

कंपनीच्या भागात कालवं मिळायची ती खडकाळ जागा जाते. लहानपणी सगळे तिथेच पोहायला शिकलो. बाईंनी ते लपवलं नव्हतं. हिस्सा खरा दाखवायचा तर किनाराही द्यावा लागणार. हेस्टरआजी तिथल्याच खुंटीच्या जागेवर खुर्ची टाकून बसली होती. पंचांनी विचारलं तेव्हा थोडा वेळ त्या खडकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मान्य."

सगळ्यात शेवटी, पाण्यात घोटाभर, वेस्ली.

हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी विकलंय. माझं यात काही नाही. पण अब्रामचा जेम्स, जेम्सचा मी. हद्द इथे संपते म्हणून इथे उभा राहिलोय."

"मग तुझी संमती घेऊन काय करू?"

"ती नका घेऊ. लोकांना मी दिसावा म्हणून आलो."

गिरणीवाल्याने रुमालाने मान पुसली. वकीलबाई एवढ्या वेळात फार थोडं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "न्यायाधीश साहेब म्हणाले होते, एवढी माणसं एका गोष्टीवर एकत्र येताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही. तुम्ही त्यांचे डोळे आहात."

लाकडाच्या खुंट्यांना हे विचारता आलं नसतं, असं मला वाटून गेलं. बाईंना बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "फुशारकी नको. खुंट्यांचे पैसे तुझ्या पगारातून."

२१ ऑगस्ट, गुरुवार

वाटणी. लिलाव नाही.

दोन पंच बाजूने, दाणावैरणीवाला विरुद्ध. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, मान वर न करता. मिस्टर ट्रॅव्हिस अपील करीन म्हणाला, पण बाई म्हणतात, कंपनीला हॉटेल बांधायचंय, कोर्टात म्हातारं व्हायचं नाही. किनारा मिळालाय, घेतील. आमचे खडक गेले. त्याचं वाईट वाटलं आणि वाटतंच आहे.

सज्जातून कोणी ओरडलं नाही. बाईंनी तशी ताकीदच दिली होती. पण पायऱ्यांवर हेस्टरआजी बाईंचा हात धरून उभी राहिली. "माझ्या आजोबांनी एक कागद केला असता तर माझ्या नातवंडांना उन्हात उभं राहावं लागलं नसतं."

"मी काही बोलले नाही," बाई म्हणाल्या.

"तू बुधवारी बोलतेस. मी आज बोलतेय. माझा करून टाक."

२७ ऑगस्ट, बुधवार

हेस्टरआजीने मृत्युपत्र केलं.

मी घ्यायला गेलो तेव्हा ती पांढरे कपडे घालून पायरीवर बसली होती. अंगण झाडलेलं. शेजारणीला कोंबडी देऊन टाकली होती. रस्त्यात भेटेल त्याचा निरोप घेतला. डीकन मुंगिन कुंपणाशी टोपी काढून उभे राहिले, मयताची गाडी जाताना राहतात तसे.

तिचा हिस्सा कोणी एकट्याने विकू नये, विकायचाच तर आधी घरच्यांना विचारावं, असं काहीसं बाईंनी लिहिलं होतं. आजीने दोनदा वाचून घेतलं, सही केली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने एक डोळा उघडला. "आता?"

"आता घरी जा," बाई म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

येताना म्हणाली, "प्रेंटिस, पुलावर जरा सावकाश. उगीच तुझ्या माथी नको."

२८ ऑगस्ट, गुरुवार

आजी जिवंत आहे. शेजारीण कोंबडी परत देत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

आजी चर्चला मुद्दाम उशिरा आली. दार वाजलं तशी अख्ख्या चर्चने मान वळवली. ती मधल्या वाटेने सावकाश चालत गेली, पहिल्या बाकावर बसली आणि पंखा मागितला. पाद्रीबाबा पुढचं वाक्य विसरले.

आर्डेल माझ्या शेजारी बसली होती. स्वतःहून. म्हणाली, "कॉलेज कधी सुरू होतं रे तुझं?"

मी चिडलो नाही. नुसतं म्हटलं, "पंधराला."

"अच्छा," ती म्हणाली. तिला तारीख माहीत होती असं वाटलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी ऑफिसात आलो तर माझ्या टेबलावर टाइपरायटर आणि टाइपरायटरपुढे आर्डेल. पंधरा तारखेपासून ही जागा तिची, म्हणे. मी बाईंकडे गेलो. म्हटलं, मला कोणी विचारलं का? मग मी काय करायचं?

बाई म्हणाल्या, "खाली जिन्यावर बघून ये."

जिन्यावर माणसं. वरपासून खाली न्हाव्याच्या दारापर्यंत, टॅलो बेटावरची, हॅट हातात घेऊन. सगळे मृत्युपत्राला आलेले आणि सगळे म्हणत होते, सहज आलो होतो.

"मी एकटी आहे," बाई म्हणाल्या. "आणि पन्नास वर्षांची." आणि शेंगांची वाटी माझ्याकडे सरकवली.

पहिले डीकन मुंगिन. सही करताना जीभ दातांत धरली होती. झाल्यावर जाईनात. "इथेच जरा बसतो बाकावर. काही झालंच तर तुम्ही सगळे आहात." आर्डेलने पाणी दिलं. उकाडा होता, पंखा फिरत होता. थोड्या वेळाने त्यांची मान खाली गेली आणि हातातली टोपी जमिनीवर पडली.

आर्डेलची बोटं थांबली. जिन्यावरची कुजबुज थांबली. कोणी हलेना. दारातली म्हातारी एक पाऊल मागे सरली.

मग डीकन घोरायला लागले, चर्चमध्ये प्रवचनाला घोरतात तसे, मोठ्याने.

म्हातारीने मागे घेतलेलं पाऊल पुढे टाकलं, त्यांच्या लांब केलेल्या पायांवरून घागरा सावरून घेतला आणि आत गेली.